अस्सलबरहुकूम

जुन्या मराठी दप्तरांशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन शब्द एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदताना दिसले असतील. नक्कल उतरून झाली की कारकून तिच्यावर शेरा मारी : 'अस्सलबरहुकूम नक्कल'. म्हणजे हा कागद मूळ नव्हे, पण मुळाशी इमान राखून आहे. पुढे मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत बत्तीस वर्षे काढताना आम्ही स्वतः 'सत्य प्रतिलिपि' या हिंदी शिक्क्याखाली किती सह्या केल्या असतील याची गणती नाही. त्या दोन शब्दांतील गंमत मात्र निवृत्तीनंतरच लक्षात आली. कागद प्रतिलिपी आहे आणि तरी सत्य आहे. किंबहुना आपण प्रतिलिपी असल्याचे तो कबूल करतो म्हणूनच सत्य आहे. तोच कागद कोणी 'मूळ' म्हणून पुढे केला, तर शाईचा एक थेंबही न बदलता तो खोटा ठरतो.

मग खरेपणा राहतो कोठे? कागदात, की कागदाविषयी आपण जे बोलतो त्यात? कचेरीत या प्रश्नाने कोणाची झोप उडत नाही. जावक क्रमांक पाहावा, नोंदवही काढावी, सक्षम अधिकाऱ्याची सही ताडून पाहावी, की काम झाले. पण जेथे नोंदवही नाही, अधिकारी नाही आणि ज्या कार्यालयाने तो कागद काढला ते बंद होऊन दीडशे वर्षे उलटून गेली आहेत, तेथे काय करावे? आमच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो अगदी अनपेक्षित विषयातून. आमचे साडू ग्वाल्हेरच्या एका जुन्या घराण्यातले. १९७८ साली अभियंता म्हणून ते अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीत स्थायिक झाले. त्यांना छंद आहे तो त्या देशातील आरंभीच्या खासगी स्थानिक टपालांची तिकिटे आणि त्या टपालांतून गेलेली पत्रे व पाकिटे जमविण्याचा. अशा पाकिटाला संग्राहक 'कव्हर' म्हणतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत. तेव्हा त्या देशाच्या टपालाचा हा अध्याय थोड्या विस्ताराने सांगितला तर वावगे होऊ नये.

१८४५ पूर्वीच्या अमेरिकेत पत्र पाठविणे ही सामान्य माणसाच्या खिशाला न परवडणारी गोष्ट होती. टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई. एका कागदाचे पत्र न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला पाठवायचे तर साडेबारा सेंट, बोस्टनला पावणेएकोणीस, आणि चारशे मैलांपलीकडे २५ सेंट. दोन कागद झाले की रक्कम दुप्पट. पाकीट वापरले तर तोही एक कागद धरला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून पाठीवर पत्ता लिहीत. (या साडेबारा-पावणेएकोणिसांचे मूळ त्या काळी तेथे चालणाऱ्या स्पॅनिश नाण्यांच्या हिशेबात आहे. आणे-पैंवर वाढलेल्या आमच्या पिढीच्या आधीच्या मंडळींना त्याचे नवल वाटले नसते.) एवढे देऊनही पत्र घरपोच मिळे असे नाही. टपालकचेरीत जाऊन आणावे, नाहीतर आणून देणाऱ्याला वर दोन सेंटपर्यंत द्यावे.

ही उणीव हेरून अलेक्झांडर ग्रेग या गृहस्थाने १ फेब्रुवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क शहरात 'सिटी डिस्पॅच पोस्ट' सुरू केले. ठिकठिकाणी पेट्या, दिवसातून अनेकदा वाटप, आणि शहरात कोठेही पत्र पोहोचविण्याचे तीन सेंट. ते आगाऊ भरल्याची खूण म्हणून वॉशिंग्टनचे चित्र असलेले एक चिकटवावयाचे तिकीट त्याने छापून घेतले. ब्रिटनचे पहिले तिकीट १८४० च्या मे महिन्यातले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत निघालेले हे तिकीट पश्चिम गोलार्धातले पहिले. ते सरकारी नव्हते. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने ते टपालच विकत घेतले, आणि खासगी माणसाची कल्पना सरकारी कारभारात जमा झाली. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटते.

दोन शहरांमधील टपालातही असेच धाडस झाले. १८४४ साली लायसँडर स्पूनर या वकिलाने 'अमेरिकन लेटर मेल कंपनी' काढली. राज्यघटनेने टपालकचेऱ्या उघडण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, इतरांना मनाई करण्याचा नव्हे, असे त्याचे म्हणणे. ते त्याने पुस्तिका लिहून छापले आणि स्वतःवर खटला व्हावा या उद्देशाने उघडउघड पत्रे वाहिली. त्याच्या तिकिटावर एक गरुड आहे आणि एका डॉलरला वीस हा दर छापलेला आहे. सरकारने त्याच्या माणसांना धरले, कंपनी लवकरच बुडाली. पण ३ मार्च १८४५ च्या कायद्याने टपालहशील तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा सेंट इतके उतरले. त्याच कायद्याने शहराशहरांतील खासगी टपालावर बंदीही आली. खुद्द सरकारची सर्व देशभर चालणारी तिकिटे १८४७ साली निघाली.

शहराच्या आतली टपाले मात्र टिकली. न्यूयॉर्कात बॉइडचे टपाल, फिलाडेल्फियात ब्लडचे. दर एक-दोन सेंट. व्हॅलेंटाइनच्या दिवशी तर या मंडळींची चंगळ असे. १८६० साली ब्लडच्या टपालावर खटला झाला, तेव्हा न्यायालयाने शहरातील रस्ते हे टपालमार्ग नव्हेत म्हणून हा धंदा बेकायदा नाही असा निर्णय दिला. त्यावर संसदेने १८६१ मध्ये कायदाच बदलला आणि या टपालांचा कणा मोडला. १८६३ पासून मोठ्या शहरांत सरकारी टपाल विनामूल्य घरपोच मिळू लागले. आपल्याकडेही पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकार १८९८ च्या कायद्याने सरकारकडे होता. २०२३ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिलेली नाही. आणि वडोदऱ्याच्या वाचकांना आंगडिया म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको.

इतका इतिहास सांगण्याचे कारण असे की त्यातून एक गोष्ट आम्हांस प्रथमच स्पष्ट दिसली. अस्सल असणे आणि कायदेशीर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कचेरीत त्या एकच असतात, निदान तसे मानून चालावे लागते. स्पूनरचे तिकीट सरकारच्या दृष्टीने बेकायदा. तरीही ज्याने पाच-सहा सेंट मोजून ते घेतले आणि पत्राला लावले, त्याचे पत्र बोस्टनला पोहोचले. तिकिटाने जे वचन दिले ते पाळले गेले. ते अस्सल आहे याबद्दल आज जगातील कोणताही संग्राहक शंका घेत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण जॉर्ज हसी यांचे. न्यूयॉर्कात १८५४ पासून त्यांचे स्वतःचे टपाल होते, बहुतांशी बँकांची पत्रे पोहोचविण्याचे. १८६०च्या सुमारास तिकिटे जमविण्याचा छंद युरोपातून अमेरिकेत आला आणि बंद पडलेल्या स्थानिक टपालांच्या तिकिटांना मागणी येऊ लागली. तिकिटे थोडी, मागणारे फार. हसींनी यात धंदा पाहिला. थॉमस वुड नावाच्या मुद्रकाकडून त्यांनी आपली आणि इतरांचीही तिकिटे नव्याने छापून घेतली. या वुडची टिपणवही पुढे अभ्यासकांच्या हाती लागली, म्हणून हे सारे कळले. आता पाहा, हसींच्या स्वतःच्या टपालाची जी तिकिटे त्यांनी संग्राहकांसाठी छापली, ती छापण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. टपालाचे मालक तेच, नमुना त्यांचा. कायद्याचे बोट कोठेही शिरत नाही. तरीही ते तिकीट खोटे नसले तरी अस्सल नव्हे, असे अभ्यासक एकमुखाने म्हणतात. का? तर ते कोणाचेही पत्र नेण्यासाठी छापलेले नव्हते. त्यात वचनच नव्हते, मग पाळणार काय?

तेव्हा तिकीट म्हणजे कागदाचा चित्रित तुकडा नव्हे. तो एका कामाचा करार आहे. त्याचा खरेपणा शाईत, कागदात, नमुन्यात शोधून पुरत नाही. तो त्या कामाशी त्याचे नाते काय यात आहे. यावर एक आक्षेप येईल. अस्सल तिकिटांतली कित्येक न वापरता कोणाच्या टेबलाच्या खणात पडून राहिली, त्यांनी कोठे काम केले? आमच्या मते त्यांनी काम केले नाही, पण ती कामासाठी ताटकळत उभी होती. कोणी त्या दिवशी ती पत्राला लावली असती तर पत्र गेले असते. हसींचे तिकीट कितीही लावले तरी वाहून नेण्याचा तो हेतूच नव्हता.

हसी, किंवा प्रतिकृती विकणारा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध व्यापारी जे. डब्ल्यू. स्कॉट, यांच्याबद्दल निदान एवढे म्हणता येते की त्यांच्या मागे काही मूळ वस्तू होती. सॅम्युएल अॅलन टेलरची जात वेगळी. जन्माने स्कॉटिश असलेल्या या गृहस्थाने माँट्रियल, ऑल्बनी, बोस्टन असा प्रवास करीत शेकडो बनावट तिकिटे छापली. त्याहून पुढची पायरी म्हणजे जी टपाले कधी अस्तित्वातच नव्हती त्यांची तिकिटेही त्याने काढली. १८६४ पासून तो तिकीटसंग्राहकांसाठी एक नियतकालिकही चालवीत होता! त्याच्या कल्पनेतून जन्मलेली टपाले त्या काळच्या याद्यांत शिरली, आणि ती काढून टाकण्यात पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांचा बराच काळ गेला. एका खोट्या तिकिटाने एका गिऱ्हाइकाचे चार पैसे बुडाले असते तर गोष्ट किरकोळ होती. पण खोट्या टपालाने शहराचा इतिहास खोटा होतो. अमुक साली अमुक पेठेत रोज पत्रे वाटली जात होती असे कोणीतरी लिहितो, दुसरा त्याचा आधार घेतो, तिसरा त्यावर ग्रंथ रचतो. महसुली दप्तरातील एक बनावट नोंद तीन पिढ्यांचे खटले कशी चालू ठेवते हे आम्ही पाहिले आहे, म्हणून हे थोडे तिखटपणे लिहितो.

वेदान्तात शिंपीवर भासणाऱ्या रुप्याचा दृष्टान्त नेहमी दिला जातो. तेथे शिंपी कोणाला फसवीत नाही; भ्रम पाहणाऱ्याचा. टेलरच्या तिकिटाला हा दृष्टान्त लागू पडत नाही, कारण येथे शिंपीला रुप्याचा मुलामा देणारा हात आहे. आणि आमच्या मते दुसराही एक हात आहे, तो विकत घेणाऱ्याचा. पॅरिसचे सुप्रसिद्ध संग्राहक फिलिप फॉन फेरारी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्याइतका मोठा संग्रह जगात दुसऱ्या कोणाचा झाला नाही असे म्हणतात. ते १९१७ साली वारले आणि फ्रेंच सरकारने जप्त केलेला तो संग्रह १९२१ ते १९२५ या काळात लिलावात विकला गेला. त्यांचा हात इतका सढळ आणि चौकशी इतकी कमी की त्यांच्यासाठी म्हणून बनावट 'दुर्मीळ' वस्तू तयार होत. जो किंमत विचारतो पण उगम विचारीत नाही, तो बनावटीच्या कारखान्याला भांडवल पुरवितो. फेरारींच्या रसिकतेला आम्ही कमी लेखीत नाही. पण या बाबतीत त्यांची बाजू घेणे आम्हांस जमत नाही.

आता कव्हराकडे वळतो, कारण खरा पेच तेथे आहे. सुट्या तिकिटाला कसोटी लावणे तुलनेने सोपे. कागद कोणता, छपाई शिळेची की कोरीव लाकडाची की खिळ्यांची, रेषा कोठे तुटते, हे भिंगाखाली ठरते. पण कव्हर म्हणजे पत्र, तिकीट, शिक्का, तारीख, पत्ता, हशील यांचा मिळून बनलेला एक साक्षीदार. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे खरी असूनही साक्ष खोटी असू शकते. एखादे खरे पण साधे पत्र घ्यावे, त्यावर खरे पण सुटे तिकीट चिकटवावे, की दहापट किंमत. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला असेल तर तिकीट तेथलेच असण्याचा पुरावा मिळतो; पण या लहान टपालांत शिक्का पुष्कळदा नसेच. नुसती लेखणीची रेघ ओढीत, कधी तेवढीही नाही. ब्लडच्या टपालात तर तिकीट रद्द करण्यासाठी त्यावर आम्ल लावीत. रंग उडून डाग पडे, की झाले.

येथे आपल्या घरांकडे पाहून एक तक्रार नोंदवावीशी वाटते. इंदूर, ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून संस्थानी तिकिटांचे पुडे अजून निघतात. होळकर सरकारची तिकिटे १८८६ पासूनची. दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र असलेली. पण निघतात ती बहुतेक पाण्यात भिजवून सोडविलेली तिकिटे. पत्र कोणी, कोणाला, कोणत्या गावाहून पाठविले हे सांगणारे पाकीट चुलीत गेले. अमेरिकेतही पहिल्या पिढीच्या संग्राहकांनी हेच केले, म्हणून तेथे आज पूर्ण कव्हरांना तिकिटाहून कितीतरी अधिक मोल आहे. तिकीट उतरविणारा काही चोरी करीत नाही, वस्तू त्याचीच असते. तरी तो साक्षीदाराची जीभ कापतो. मालकी एवढ्याने हा अधिकार मिळतो का? आम्हांस वाटते, नाही. संग्राहक हा मालकापेक्षा अभिलेखपालाच्या अधिक जवळ आहे; कागद त्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापुरता नव्हे.

हे सारे आम्ही साडूंशी बोलत असू, आणि ते मान डोलवीत. पण २०१९ साली आम्ही त्यांच्याकडे होतो तेव्हा हा वाद पुस्तकी राहिला नाही. त्यांच्या संग्रहात ब्लडच्या टपालाचे एक कव्हर होते. १८५० सालच्या शरद ऋतूतले, फिलाडेल्फियातल्या एका घरून त्याच शहरातल्या दुसऱ्या घरी गेलेले घडीचे पत्र. तिकीट काळ्या झिलईच्या कागदावर पितळी अक्षरांचे, आम्लाचा डाग पडलेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात बऱ्यापैकी रक्कम मोजून त्यांनी ते घेतले होते. वय झाले, मुलांसाठी संग्रहाची यादी करावी म्हणून त्यांनी काही वस्तू तज्ज्ञांच्या मतासाठी पाठविल्या, त्यांत हेही होते. उत्तर आले : तिकीट अस्सल, पत्र अस्सल, पण हे तिकीट मुळात या पत्रावरचे नव्हे. कारणे दिली होती. तिकिटावर आम्लाचा डाग आहे, पण त्याच्या कडेबाहेर कागदावर त्याचा मागमूस नाही. गोंद अलीकडचा. आणि तिकिटाखाली शाईचे शब्द आहेत. विशिष्ट प्रकाशात ते थोडे वाचता येतात.

ते शब्द असे होते की, हे पत्र अमुक गृहस्थांच्या सौजन्याने पाठविले आहे. त्या काळी टपालाचा खर्च वाचविण्यासाठी जाणाऱ्या-येणाऱ्या परिचिताच्या हाती पत्र देत आणि पाठीवर तसे लिहीत. आपल्याकडे 'हस्ते' लिहितात तसे. म्हणजे हे पत्र ब्लडच्या हरकाऱ्याने नेलेलेच नव्हते. एका ओळखीच्या माणसाने खिशात घालून नेऊन दिले होते, आणि बनावट करणाऱ्याने नेमक्या त्याच्या नावावर तिकीट चिकटविले होते.

साडू दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "भाऊसाहेब, कागद खरा, तिकीट खरे. मग खोटे नेमके काय?"

आम्ही म्हटले, "दोघांच्या मधला गोंद."

ते हसले, पण पैसे गेल्याचे दुःख हसण्याने जात नाही. विकणारा व्यापारी केव्हाच वारला होता. त्यालाही हे ठाऊक होते की तोही फसला होता, हे कळण्याचा मार्ग नाही. आता तीन वाटा होत्या. पहिली, अभिप्रायाचा कागद फाडून टाकावा आणि कव्हर पुन्हा बाजारात सोडावे. साडूंनी ती मनातही आणली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. कारण ही वाट अनेकांना निष्पाप वाटते. मी फसलो तेव्हा मला कोणी सावध केले नाही, मग मी दुसऱ्याला का करावे? 'मी काही खोटे बोललो नाही, फक्त बोललो नाही.' कचेरीतही हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. पण माहीत नसताना विकणारा आणि माहीत असून गप्प राहणारा यांत आम्ही फार मोठे अंतर मानतो. पहिला साखळीतली कडी आहे. दुसरा ती साखळी नव्याने घडवितो, आणि यावेळी जाणूनबुजून. फसविला गेलेला माणूस आपले नुकसान पुढे सरकविण्याचा हक्कदार होत नाही. ते नुकसान कोठेतरी थांबले पाहिजे, आणि ज्याला सत्य प्रथम कळते त्याच्यापाशीच ते थांबू शकते. हे अन्याय्य आहे. तरी तसेच आहे.

दुसरी वाट त्यांच्या मुलाने सुचविली. तो तिकडेच वाढलेला, व्यवहारी आणि सरळ मनाचा मुलगा. तिकीट अस्सल आहे ना? मग अलगद उतरवावे, सुटे म्हणून प्रामाणिकपणे विकावे, पत्र घरी ठेवावे. त्याच्या म्हणण्यात खोटे काहीच नव्हते. तिसरी वाट आमची होती. कव्हर आहे तसेच ठेवावे, मागे हलक्या पेन्सिलीने अभिप्राय लिहावा, अभिप्रायाची प्रत सोबत जोडावी. बनावटीचा नमुना हाही अभ्यासाचा पुरावा आहे. टेलरच्या बनावट तिकिटांचे संग्रह आज अभ्यासक मुद्दाम बाळगतात आणि त्यांच्यावरून इतर बनावट ओळखतात; बनावट जाळून टाकणाऱ्या उत्साही मंडळींनी अभ्यासाचे नुकसानच केले आहे. शिवाय तिकीट सुटे होऊन बाजारात गेले की उद्या दुसऱ्या कोणाच्या पत्रावर जाऊन बसणार नाही याची हमी काय?

साडूंनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकले. त्यांचे उत्तर आम्हांस अपेक्षित नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही तिकिटाचा विचार करता, बनावट करणाऱ्याचा करता, उद्याच्या गिऱ्हाइकाचाही करता. ज्याने ते पत्र खरोखर नेऊन दिले त्याचा कोण करणार? त्याचे नाव झाकलेले आहे. तिकीट राहिले तर त्याची फसवणूक चालूच राहते."

तिकीट उतरवू नये हा नियम ज्या कारणासाठी आम्ही मानीत आलो, त्याच कारणासाठी येथे ते उतरवावे असे ते सांगत होते. साक्षीदाराला बोलू द्यावे म्हणून. यावर आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. पुढे मेलेल्या माणसाची फसवणूक होते का, ज्याला आपली बदनामी वा आपले विस्मरण कळणारच नाही त्याचे काही देणे लागते का, यावर आम्ही बरीच चर्चा केली. आमच्या मेहुणीबाईंनी चहा देताना एवढेच विचारले, की श्राद्धपक्ष कोणासाठी करता मग?

अखेर साडूंनी कव्हराची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली, अभिप्राय आणि छायाचित्रे एकत्र ठेवली, आणि जाणकार माणसाकडून तिकीट उतरवून घेतले. आता ते नाव पुरते वाचता येते. पत्र त्यांच्या संग्रहवहीच्या एका पानावर आहे आणि खाली त्यांच्या मराठी अक्षरात लिहिले आहे : 'टपालाने गेलेले नाही. ओळखीच्या माणसाच्या हस्ते.' स्थानिक टपालांच्या संग्रहात टपालाने न गेलेले पत्र ठेवण्यात काय अर्थ, असे त्यांच्या मंडळातील एकाने विचारलेही. साडूंचे म्हणणे, त्या काळच्या लोकांना ब्लडचा हरकारा हवासा का वाटला हे कळायचे तर ज्यांना तो परवडला नाही वा नको वाटला त्यांचेही एखादे पत्र शेजारी असावे.

तिकिटाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. ते एका लहान पाकिटात छायाचित्रांसह बंद आहे. मुलगा म्हणतो, पूर्ण माहिती देऊन विकावे. आम्ही म्हणतो, सुटे विकू नये. तो सगळा पुडका एखाद्या अभ्यासकांच्या संग्रहास द्यावा. साडू दोघांचेही ऐकतात, आणि दर रविवारी दूरध्वनीवर हवापाण्याच्या गोष्टी काढतात.